खड्याला घर बांधताना

मित्रांनो, हा लेख वाचायच्या आधी एक छोटंसं काम करा. घरात आईच्या, आजीच्या किंवा आजोबांच्या बोटात खड्याची अंगठी असेल, तर ती जवळून नीट पाहा. (नुसती पाहा बरं का! काढून खेळायला घेऊ नका, नाहीतर बोलणी तुम्ही खाल आणि शिव्या मला मिळतील.) आता सांगा, तो खडा जागेवर कशाने राहिलाय? डिंकाने चिकटवलाय? खिळा मारलाय? की मुळी अंगठीतच उगवलाय?

नीट पाहिलंत तर दोनपैकी एक प्रकार दिसेल. एक तर चार-सहा बारीक आकड्यांनी खड्याला मांजराच्या नखांसारखं धरून ठेवलेलं असेल. नाहीतर खड्याच्या चहूबाजूंनी धातूची एक पातळ, सलग भिंत असेल आणि त्या भिंतीचा वरचा काठ खड्यावर जरासा झुकलेला असेल. या भिंतीला म्हणतात कोंदण. ‘कोंदणातल्या हिऱ्यासारखा शोभतो’ असं आपण सहज बोलतो. पण ते कोंदण कसं बनतं, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? मीसुद्धा पाहिलं नव्हतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हिंगोलीला पाहिलं, आणि तेही अगदी जीव मुठीत धरून. का, ते आता सांगतो.

सुपारीच्या डबीतला खडा

आमच्या आजीच्या बोटात चांदीची एक ठसठशीत अंगठी असायची. तिच्यात सदऱ्याच्या मोठ्या बटणाएवढा गोल, विटकरी-लाल अकीक बसवलेला होता. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, पेरलेलं उगवलं नाही. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरातली चांदी एकेक करून सोनाराकडे गेली. आधी तोडे, मग वाळे आणि शेवटी ती अंगठी.

तुमच्या घरी बँकेचं पासबुक असेल. त्या काळी आपल्याकडच्या शेतकरी घरांत चांदी हीच बँक होती. चांगल्या वर्षी चार तोळे घ्यायची, वाईट वर्षी मोडायची. आता मोडताना होतं काय, सोनार वजन करतो ते फक्त चांदीचं. खडा चांदीत धरत नाहीत. त्या सोनाराने पातळ पात्याने कोंदणाचा काठ उचकटला, खडा अलगद बाहेर काढला आणि आजीच्या तळहातावर ठेवला. अंगठी तराजूत गेली, खडा घरी आला.

मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आजीने तो खडा सुपारीच्या डबीत टाकला. पुढे डबी आईकडे आली, मग माझ्याकडे. पन्नासाहून अधिक वर्षं तो खडा बिनघराचा होता! आणि मग माझी आठवीतली भाची म्हणाली, “मामा, पणजीच्या खड्याला पुन्हा घर बांधू या ना.”

खडा आला कुठून?

सोनाराच्या दुकानात शिरण्याआधी जरा पायाखाली पाहू. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. म्हणजे जिल्हा तसा तरुण. पण जिल्ह्याखालचा काळा खडक? तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा! त्या वेळी जमिनीला भेगा पडून लाव्हारस वाहिला, थरावर थर बसले आणि आपलं दख्खनचं पठार तयार झालं. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले. भाकरी फुगते तेव्हा आत पोकळी राहते ना, तसंच. पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं. पाण्यात विरघळलेली सिलिका कणाकणाने साचली आणि कुठे गारगोटी झाली, कुठे जांभळा स्फटिक, तर कुठे पट्ट्यापट्ट्यांचा अकीक. या काळ्या खडकातून वाहणाऱ्या नद्यांच्या वाळूत असे गोटे सापडतात. कयाधूच्या किंवा पूर्णेच्या पात्रात तुम्ही गारगोट्या वेचून त्या अंधारात एकमेकींवर घासल्या असतील, तर तुम्ही अकीकाच्या सख्ख्या बहिणीशीच खेळलात म्हणा!

आपल्या भागातल्या या दगडांची कीर्ती जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ नावाने ती प्रसिद्ध आहे. त्यात लिहिलंय, की पैठणहून पट्टेदार खडे मोठ्या प्रमाणात भडोचच्या बंदरात येतात. तिथून ते जहाजाने पश्चिमेकडे जात. गुजरातेत खंभातचे कारागीर तर आजही अकीक तापवून त्याचा रंग लाल करतात. दगडात लोहाचा अंश असतो, तो उष्णतेने लाल होतो. मातीची वीट भट्टीत लाल होते, त्याच कारणाने.

दगड अंगावर घालायच्या दोन मुख्य तऱ्हा माणसाने शोधल्या. एक म्हणजे भोक पाडून दोऱ्यात ओवायचा. सिंधू संस्कृतीतले लोक यात पटाईत होते. लोथलला तर मणी बनवण्याचा कारखानाच सापडला आहे. दुसरी तऱ्हा म्हणजे दगडाला जराही भोक न पाडता त्याच्याभोवती धातूचं घर बांधायचं. इजिप्तचा राजा तुतनखामेन वारला त्याला सव्वातीन हजारांहून अधिक वर्षं झाली. त्याच्या दागिन्यांतही लाल आणि निळे दगड सोन्याच्या अशाच छोट्या छोट्या घरांत बसवलेले आहेत. म्हणजे आजीच्या अंगठीची युक्ती किती पुरातन आहे बघा!

एक मिलिमीटर कुठे गेला?

हिंगोलीच्या सराफ्यात आम्ही एका वयस्कर सोनारकाकांकडे गेलो. दुकान म्हणजे एक छोटी ओटी. समोर ऐरण, हातोड्या, चिमटे, कानशी, तार ओढायची जंतरपट्टी, एक छोटा गॅसचा दिवा आणि कोपऱ्यात जुनी फुंकणी. काकांनी भिंग डोळ्याला लावून खडा फिरवून फिरवून पाहिला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

“लेकरा, इथं काठाला बारीक चीर हाय. डबीत नाण्यांसंगं पडून राहिला असंल. दाबताना या बाजूनं गेला, तर गेला. मंग दुसरा काही मी देऊ शकत नाही.”

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. बसवावा, की परत डबीत ठेवावा? शेवटी भाचीच म्हणाली, “काका, डबीत तरी तो काय सुखात होता?” काका हसले आणि म्हणाले, “बरं, मंग माप काढ. तू शाळेत शिकती ना?”

तिने पट्टीने मापलं. खडा अगदी गोल, व्यास १४ मिलिमीटर. वर्तुळाचा परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४. तिने भराभर गुणाकार केला. १४ × ३.१४ = ४३.९६, म्हणजे ४४ मिलिमीटर. काकांनी काही न बोलता चांदीची ४४ मिलिमीटरची पट्टी कापली, वाकवली आणि खड्याभोवती धरली. दोन्ही टोकं जुळेनात! मधे जवळजवळ एका मिलिमीटरची फट.

गुणाकार तर बरोबर होता. मग एक मिलिमीटर गेला कुठे?

तुम्हीही जरा थांबा आणि विचार करा. पुढचं लगेच वाचू नका.

सुचलं? पट्टीलाही जाडी असते! काकांची पट्टी होती ०.३ मिलिमीटर जाड. पट्टी वाकवली की तिची आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. लांबी तशीच राहते ती मधल्या रेषेची. ही मधली रेषा खड्यापासून अर्ध्या जाडीवर असते, आणि तीही दोन्ही बाजूंना. म्हणून खड्याच्या व्यासात पट्टीची पूर्ण जाडी मिळवायची आणि मग गुणाकार करायचा. १४.३ × ३.१४ = ४४.९. झालं! हरवलेला मिलिमीटर सापडला. काकांना हे सूत्र ठाऊक नव्हतं. पण पट्टी कापताना ती ‘आपल्या जाडीएवढी तीनदा वाढवायची’ हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. तीनदा म्हणजे काय? तर पायच की! आम्ही पट्टी कमी कापायला सांगितली, तेव्हा ते मुद्दामच गप्प राहिले होते. “चूक हातानं केली म्हंजे डोक्यात राहते,” ते म्हणाले.

सोनाराच्या मापावरून संत नरहरी सोनारांची गोष्ट आठवते. ते पंढरपूरचे, आणि आपल्या नर्सीच्या नामदेवांचे समकालीन मानले जातात. कथा अशी सांगतात, की नरहरी कट्टर शिवभक्त होते. विठ्ठलाचं दर्शनही ते घेत नसत. एका सावकाराने त्यांना विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा घडवायला सांगितला. नरहरी देवळात जायला तयार नव्हते, म्हणून सावकाराने माप आणून दिलं. करगोटा झाला, तो लांब पडला. दुरुस्त केला, तर आखूड झाला. शेवटी ते डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला गेले. हाताला लागली ती शंकराची चिन्हं. पट्टी काढून पाहतात तो समोर विठ्ठल! हरी आणि हर एकच, हे त्यांना पटलं. औंढ्याला नागनाथ आणि नर्सीला नामदेव, असा जिल्हा असलेल्या आपल्याला ही गोष्ट जवळची वाटते. पण सोनारकाका त्यातून आणखी एक धडा काढतात. दुसऱ्याने आणलेल्या मापावर काम करू नये, खडा स्वतःच्या हातात घ्यावा!

जुने सोनार वजनासाठी गुंजा वापरत. लाल-काळी, दिसायला सुंदर बी. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे एका तोळ्यात ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला, तर एक गुंज भरते सुमारे ०.१२ ग्रॅम. (गुंजेच्या बिया विषारी असतात. कधीही तोंडात घालायच्या नाहीत, आणि धाकट्या भावंडांच्या हाती तर मुळीच द्यायच्या नाहीत.) आणि गंमत अशी, की याच आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही प्रयोगशाळा उभारण्याला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटर लांबीच्या असणार आहेत, आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने त्या भुजांच्या लांबीत पडणारा फरक ती मोजणार आहे. तो फरक अणूच्या केंद्रातल्या प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान असतो. गुंजेने मोजायचं असो की लेसरने, गरज एकच. ‘चालतंय, थोडं कमी-जास्त’ असं म्हणायचं नाही.

भिंत उभी राहते

आता कामाला लागू. कोंदणाची पट्टी शक्यतो शुद्ध चांदीची घेतात. बाकीची अंगठी मात्र मिश्र चांदीची. असं का? शुद्ध चांदी मऊ असते. रोजच्या वापराची अंगठी तिची केली तर वाकडी होईल. म्हणून तिच्यात थोडं तांबं मिसळतात. दागिन्यावर ९२५ आकडा असतो, त्याचा अर्थ हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग दुसरा धातू, बहुधा तांबं. पण कोंदणाची भिंत तर शेवटी खड्यावर वाकवायची असते. तिथे मऊपणाच हवा. म्हणजे एकाच अंगठीत एक धातू कणखर, तर दुसरा नमता!

चांदी ठोकली, वाकवली की ती कडक होत जाते. मग तिला मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करतात. काका दुकानात उजेड कमी ठेवतात, तो याचसाठी. भर उन्हात तो मंद लाल रंग दिसतच नाही.

पट्टीची दोन्ही टोकं कानशीने अगदी सरळ केली. ती जुळवून काकांनी कडं उजेडासमोर धरलं. फटीतून उजेडाची रेघसुद्धा दिसता कामा नये. कारण आता येतो डाख. डाख म्हणजे धातूचं सांधण. चांदीत तांबं आणि जस्त मिसळून तो करतात. शुद्ध चांदी वितळते ९६२ अंश सेल्सिअसला. डाख त्याच्या बराच आधी, साधारण ७०० ते ७५० अंशांच्या आसपास वितळतो. त्यामुळे डाख पातळ होतो आणि दागिना शाबूत राहतो. पण डाख मोठी फट बुजवत नाही. तो फक्त अरुंद फटीत शिरतो. खडूचं टोक शाईत बुडवलं तर शाई आपोआप वर चढते ना? तसाच तो सांध्यात ओढला जातो. फट रुंद असेल, तर ओढला जात नाही. म्हणून टोकं चांगली जुळायलाच हवीत.

सांध्यावर काकांनी टाकणखाराचं पाणी लावलं. हाच सवागी. पूर्वी तो तिबेट-लडाखकडून यायचा. चांदीतलं तांबं तापलं की हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून काळं पडतं, आणि काळ्या थरावर डाख पसरत नाही. टाकणखार वितळून काचेसारखा पडदा धरतो आणि हवा आत येऊ देत नाही. मग तांदळाच्या कणीएवढा डाखाचा तुकडा सांध्यावर ठेवला आणि ज्योत फिरवली. ज्योत नुसत्या डाखावर धरायची नाही. सगळं कडं सारखं तापवायचं, कारण डाख जिकडे ऊन जास्त तिकडे धावतो. टाकणखार आधी फुगला, मग बसला, मग काचेसारखा चकाकला. आणि एका क्षणात सांध्यातून चांदीची एक ओली रेघ चमकून गेली. काकांनी ज्योत तत्काळ बाजूला केली. आणखी दोन-चार क्षण धरली असती, तर त्या पातळ कड्याचा मणी झाला असता!

आता हे कडं तळाच्या पत्र्यावर सांधायचं. इथे एक अडचण आहे. पत्रा तापवताना कड्याचा पहिला सांधा पुन्हा वितळून उघडला तर? त्यावर सोनारांची युक्ती सोपी आहे. पहिल्या सांध्याला उशिरा वितळणारा डाख, दुसऱ्याला लवकर वितळणारा. डाखात जस्त वाढवलं की तो लवकर वितळतो. किती डोकं आहे बघा त्यात!

मग पत्र्याचा जास्तीचा भाग कापला, अंगठीची वळी जोडली आणि सगळं गरम आम्लात टाकून स्वच्छ केलं. पूर्वी यासाठी चिंच आणि तुरटीचं उकळतं पाणी वापरत. शेवटी रिठ्याच्या फेसाने घासलं. काळंमिट्ट झालेलं ते कडं दुधासारखं पांढरं निघालं.

या सगळ्या वेळात खडा कुठे होता? कापसात, डबीत, दूर ठेवलेला. तापवायची सगळी कामं उरकल्याशिवाय खडा जवळ आणायचाच नाही, हा पहिला नियम. अकीकाला एकाएकी ऊन लागलं तर तो तडकतो.

चार वाजून गेले तरी...

आता शेवटचं काम. खडा घरात नुसता ठेवून पाहायचा. पण त्याआधी खाली एक दोरा आडवा घालायचा. घट्ट अडकला तर दोरा ओढून बाहेर काढता येतो. ज्याने हे पहिल्यांदा शोधलं, त्याचा खडा एकदा नक्की अडकला असणार!

खडा उतरला. बाजूला केसाएवढीही जागा नाही. भिंतीची उंची अशी, की काठ खड्याच्या उताराला लागल्यावर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर वर राहील. कमी उंच असेल तर खडा सुटतो. जास्त उंच असेल तर खडा झाकला जातो आणि काठाला चुण्या पडतात.

आता भिंतीचा काठ खड्यावर वाकवायचा. तुम्ही ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळताना पाहिलेत? एकामागून एक ओळीने आवळत नाहीत. एक आवळला की समोरचा, मग त्याच्या आडवा, मग त्याच्या समोरचा. कोंदणाचंही तेच. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. आधी १२ वाजता, मग ६ वाजता, मग ३, मग ९. मग या चारांच्या मधे, मग त्यांच्याही मधे. एकाच बाजूने गोल दाबत गेलो, तर जास्तीची चांदी पुढे पुढे सरकते आणि शेवटी लाडूच्या कळीएवढी चुणी उभी राहते. ती मग काही केल्या बसत नाही.

आमच्या खड्याची चीर होती बरोबर चारच्या ठिकाणी. काकांनी तिथला काठ आधी कानशीने आणखी पातळ केला, म्हणजे वाकवायला जोर कमी लागेल. सगळीकडे दाबून झालं. आता फक्त चार वाजायचे राहिले. काकांनी हातातली पोलादी दाबणी ठेवली, ओपणी घेतली आणि दाबायच्या ऐवजी काठ नुसता घासायला लागले. हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा, तीसेक वेळा. दुकानात कोणी बोलेना. भाचीने माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं, की माझंच कोंदण व्हायची पाळी आली!

मधेच ‘टक्’ असा आवाज आला. माझ्या पोटात गोळा आला. काका थांबले. भिंग लावलं, पाहिलं आणि म्हणाले, “काही नाही. खडा तळाला बसला.”

मग काकांनी अंगठी कानाशी धरून हलवली. आवाज नाही. लोकरीचा धागा काठावरून फिरवला. कुठे अडकला नाही. पन्नासाहून अधिक वर्षांनी खडा घरात बसला होता. माझ्या आठवणीत आजीच्या अंगठीत तो जसा दिसायचा, तसाच. फक्त नीट पाहिलं तर चारच्या ठिकाणी कोंदणाचा काठ किंचित रुंद आहे. चीर त्याच्याखाली झाकली गेली आहे. “घर बांधायचं म्हंजे असं,” काका म्हणाले, “जिथं दुखतं तिथं जरा जास्त पांघरूण.”

हाताचं काम कशाला?

तुम्ही विचाराल, की आजकाल तर यंत्राने ठोकलेली तयार कोंदणं मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला? तयार कोंदणं ठरावीक मापाची असतात, आणि त्या मापाच्या खड्याला ती छानच बसतात. पण हाताने घासलेला जुना खडा मापात नसतो. त्याला त्याच्याच मापाचं घर लागतं. शिवाय खड्यांचे स्वभाव वेगवेगळे. फ्रीडरिश मोह्‌स या शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांना कठीणपणाचे १ ते १० गुण दिले. हिरा १०, अकीक ७ च्या जवळपास, पोवळं साडेतीनच्या आसपास, मोती त्याहून मऊ. पोवळ्यासारख्या मऊ खड्याला आकड्यांत बसवलं, तर कडा उघड्या राहतात आणि घासल्या जातात. कोंदण मात्र चारी बाजूंनी कडा सांभाळतं. शेतात, चुलीपाशी, धुण्याच्या दगडावर राबणाऱ्या हातांसाठी म्हणूनच कोंदण चांगलं. आजीने खडी फोडली, तरी खडा सुटला नव्हता.

कोंदणाची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. ते उघडता येतं. डिंकाने चिकटवलेला खडा काढताना फुटू शकतो. कोंदणाचा काठ अलगद उचकटला की खडा जसाच्या तसा हाती येतो. १९७२ साली त्या सोनाराने तेच केलं. घाई केली असती, पक्कडीने चिरडून खडा काढला असता, तर त्याला कोण बोलणार होतं? मोडीत खड्याला किंमत नव्हतीच. पण त्याने दोन मिनिटं जास्त घेतली. त्याचं नाव मला माहीत नाही. त्याच दोन मिनिटांमुळे आज माझ्या भाचीच्या हातात पणजीचा खडा आहे.

करून पाहा

चांदी नको, विस्तव नको. एक गोल बटण किंवा गुळगुळीत गोल गोटा, जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद, कात्री, पट्टी आणि डिंक घ्या.

१. गोट्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. त्याच कागदाचे दहा तुकडे एकावर एक ठेवून जाडी मोजा आणि दहाने भागा. एका कागदाची जाडी मिळेल.

२. व्यास अधिक जाडी, गुणिले ३.१४. एवढ्या लांबीची पट्टी कापा. टोकं एकमेकांवर चढवायची नाहीत, नुसती जुळवायची. बाहेरून छोटी कागदी चिकटपट्टी लावा.

३. कडं दुसऱ्या कागदावर डिंकाने उभं चिकटवा. वाळू द्या. गोटा आत ठेवून पाहा. खाली दोरा घालायला विसरू नका!

४. आता जाडी न मिळवता दुसरं कडं करा आणि दोन्हींतला फरक पाहा. हा फरक वहीत लिहून गणिताच्या सरांना किंवा बाईंना दाखवा.

आई-बाबांसाठी

खड्याची जुनी अंगठी वर्षातून एकदा कानाशी धरून हलवा. खुळखुळ आवाज आला, तर घालू नका, आधी सोनाराला दाखवा. मोती आणि पोवळं लिंबू, चिंच, साबणाच्या पाण्यात भिजवू नका. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूमुळे. मऊ फडक्याने पुसली तर बरीचशी उजळते. मुलाला दागिन्याचं काम शिकायची हौस असेल, तर ज्योत आणि आम्ल यांच्याजवळ त्याला जाणत्या माणसाशिवाय बसू देऊ नका. काही जुन्या डाखांत कॅडमियम असे, त्याचा धूर अतिशय घातक असतो. आजच्या कारागिराने कॅडमियम नसलेला डाखच वापरावा.

आणि मुलांनो, शेवटचं. तुमच्या घरातही एखादी डबी असेल. सुपारीची, बामाची, नाहीतर पावडरीची. तिच्यात एखादा सुटा खडा, तुटका मणी, एकच कुडी पडलेली असेल. आज संध्याकाळी आजीजवळ बसा आणि ती डबी उघडून विचारा, “हा खडा कुणाचा गं?” कोंदण केव्हाही बांधता येईल. गोष्ट मात्र आजीकडूनच ऐकायला हवी.